व्याही, तुमचा ठराव मी पाडला

२००६ साल, जानेवारीतला शेवटचा रविवार. मी चौऱ्याहत्तर वर्षांचा होतो आणि भर सभेत तुमच्याविरुद्ध हात वर केला. तुम्ही ऑक्टोबरात गेलात. आज अकरा दिवस झाले. तुम्ही नगरच्या शाळेत किती वर्षं इतिहास शिकवलात, कुठल्या पदव्या मिळवल्यात, ते मी लिहीत नाही. ते सुनीतानं इंग्रजीत छापून सगळ्यांना वाटलं, वर फोटो. फोटोत तुम्ही हसताय. घरात एवढं हसल्याचं मला काही आठवत नाही.

माझं शिक्षण चौथीपर्यंत, पुढं मिशनच्या सुतारशाळेत. तुम्ही असता तर लाल पेन्सिल घेऊन बसला असता आणि पहिल्याच ओळीत तीन चुका काढल्या असत्या. काढा म्हणावं आता.

दोन व्याही एका छताखाली कसे नांदतात, असं इथली मराठी मंडळी प्रवीणला विचारायची. तो म्हणायचा, "नांदतात कुठं, भांडतात." माझा प्रवीण, तुमची सुनीता. आपल्या दोघांच्या बायका आपल्याआधी गेल्या, म्हणून पोरांनी दोघांनाही मॅसॅच्युसेट्सला आणलं, वरच्या मजल्यावर समोरासमोर खोल्या दिल्या. मध्ये बाथरूम आणि भिंतीवर ते हीटिंगचं बटण. तुम्ही ते वर चढवायचे, मी खाली आणायचो. एकदा तुम्ही मफलर गुंडाळून दारात उभे राहिलात आणि म्हणालात, "मिस्त्री, थडग्यात गार असतं म्हणून आत्तापासून सराव करताय का?" मी म्हणालो, "मी करतोय. तुम्हाला जड जाईल मग." दोघंही हसलो होतो. गेल्या आठवड्यात तुम्हाला मातीत ठेवताना पाऊस भुरभुरत होता, माती पार गार होती, आणि मला ते माझं बोलणं आठवलं. मी मान वर केली नाही.

देऊळ तुम्हीच शोधून काढलं. घरापासून चालत वीस मिनिटांवर, गावाच्या हिरवळीवर पांढरं लाकडी देऊळ, उंच मनोरा. तुम्ही बाहेरची पाटी वाचली आणि माझा दंड धरला. "मिस्त्री, हे आपलंच. काँग्रिगेशनल. आपल्याकडं जे मिशनरी साहेब आले ना, ते याच मंडळींनी पाठवलेले." आत गेलो तर पाळक एक बाई. तुम्ही चष्मा पुसून पुन्हा बघितलं. मी म्हणालो, "बघताय काय, सलाम करा."

त्या हिवाळ्यात तुम्ही मला या लोकांचा सगळा इतिहास सांगितला, मी विचारलेलं नसताना. यांच्यावर बिशप नाही, वर कुणी साहेब नाही. पहिली माणसं इथं आली तेव्हा जंगल होतं. दहा-बारा जण एकत्र बसले, देवाशी आणि एकमेकांशी करार केला, कागदावर सह्या केल्या. ज्याला लिहिता येत नव्हतं त्यानं फुली मारली. झाली मंडळी. नवा माणूस घ्यायचा तर त्यानं उभं राहून सांगायचं, देव मला कसा भेटला. मग बाकीच्यांनी हात वर करायचे. पाळक ठेवायचा, काढायचा, छप्पर दुरुस्त करायचं, सगळं हात वर करून. पाळकाचाही एकच हात. देवळाचा पत्ता नव्हता तेव्हाही मंडळी होती, असं तुम्ही म्हणायचे. "देऊळ म्हणजे नुसतं लाकूड, मिस्त्री. मंडळी आधी."

मी म्हणायचो, "आणि बर्फात कुठं बसली तुमची मंडळी? कागदावर?"

"बसली. उघड्यावर बसली."

"एक हिवाळा बसली असेल. दुसऱ्या हिवाळ्याला सुतार बोलावला असेल."

ते भांडण आपलं दोन वर्षं पुरलं. मला आवडायचं ते भांडण. तुम्हालाही आवडायचं, नाहीतर रोज सकाळी चहा झाल्यावर तुम्ही मुद्दाम कशाला काढला असता. तुम्ही पुस्तक वाचून बोलायचे आणि मी तुळया बघून. देवळाच्या तुळयांवर वाकसाचे घाव अजून दिसतात. अडीचशे वर्षांपूर्वी कुणी तासल्या, तो उजव्या हाताचा होता की डावखुरा, ते मी तुम्हाला सांगितलं. तुम्ही वहीत टिपून घेतलंत. माझं बोलणं कुणी वहीत टिपलं, असं त्याआधी कधी झालं नव्हतं. हे मी तुम्हाला सांगितलं नाही.

ज्या दिवशी आपल्याला सभासद करून घेतलं त्या दिवशी आपण दोघं पुढं उभे राहिलो, सगळ्यांनी हात वर केले, आणि मग एकेक येऊन आपला उजवा हात हातात घेऊन गेला. तशीच रीत आहे त्यांची. डॉटी म्हणजे मंडळीची सेक्रेटरी, आपल्याच वयाची, शाळेच्या कँटीनमधून रिटायर झालेली. तिनं माझा हात सोडलाच नाही. बोटांवरचे घट्टे बघून म्हणाली, "कारपेंटर?" तुम्ही मध्येच म्हणालात, "मास्टर कारपेंटर." मी घरी येऊन तुम्हाला म्हणालो की तुम्हाला मध्ये बोलायची सवयच आहे.

मग डॉटीनं तुम्हाला ती जुनी दप्तरं दाखवली. मंडळीचा वर्धापनदिन जवळ आला होता, पुस्तिका काढायची होती, आणि तुमच्याएवढा फुरसतीचा इतिहासमास्तर त्यांना कुठून मिळणार. तुम्ही भिंग घेऊन बसायचे. मी वरच्या गॅलरीतली सैल झालेली कठड्याची दांडी बसवत होतो.

वर जायला दोन जिने आहेत. एक रुंद. दुसरा मागच्या बाजूला, अरुंद, उभा, एका वेळी एकच माणूस जाईल असा. वर कोपऱ्यात एक बाक, बिनपाठीचा. मी गुडघ्यावर बसलो तेव्हा जमिनीत खाचा दिसल्या. बाकाच्या समोर पूर्वी फळ्यांचा आडोसा होता, उंच. नंतर कुणीतरी तो कापून काढला आणि खाचा लांबी भरून बुजवल्या. म्हणजे त्या बाकावर बसलेल्याला पाळक दिसू नये आणि खालच्यांना तो दिसू नये, एवढ्यासाठी कुणीतरी मापं घेऊन तो आडोसा केला होता. मी खाली हाक मारली. तुम्ही धापा टाकत त्या मागच्या जिन्यानंच आलात. मी खाचेत बोट घालून दाखवलं.

तुम्ही दोन दिवसांनी दप्तरातलं पान आणलंत. एक बाई. नाव दीना, आडनाव नाही, पुढं कुणाची गुलाम ते लिहिलेलं. ती उभी राहिली, देव कसा भेटला ते बोलली, आणि सगळ्यांनी हात वर करून तिला सभासद करून घेतलं. पुढच्याच पानावर, त्याच शाईत, बसण्याच्या जागा ठरल्या. कोण पुढं, कोण मागं, इज्जतीप्रमाणं. दीनाची जागा वर, मागच्या कोपऱ्यात.

तुमचा चेहरा उतरला होता. म्हणालात, "मिस्त्री, हे पुस्तिकेत यायला हवं. आणि त्या जिन्यापाशी एक पाटी."

मी म्हणालो, "यायला हवं."

हो, म्हणालो होतो. ते मी नाकारत नाही.

मग ती जानेवारीची सभा. तळघराच्या हॉलमध्ये, कॉफी आणि ॲपल पाय झाल्यावर. तुम्ही ठराव मांडला. एक जण म्हणाला, सणाच्या वेळी कशाला. एक म्हणाली, आम्ही कुणी तेव्हा नव्हतो. पाळकबाई गप्प, त्यांचा एकच हात. मग तुम्ही बोलायला उभे राहिलात. तुमचं इंग्रजी मास्तरचं, एकेक शब्द सुटा, त्यामुळं मला सगळं कळलं. तुम्ही म्हणालात, "तुमच्या मिशनऱ्यांनी आम्हाला शिकवलं की देवापुढं सगळे सारखे, आणि आम्ही ते पाळलं. माझे वडील खेड्यातल्या मंडळीचे पाळक होते. त्यांच्या देवळात सगळे एकाच चटईवर बसत. आम्ही शिष्यांनी पाळलं आणि गुरूंनी मात्र इथं माडीवर आडोसे बांधले."

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

व्याही, ते माझं गाव होतं. तुमचे वडील चार वर्षं आमच्या गावी पाळक होते. हे साखरपुड्यालाच निघालं होतं आणि तुम्ही केवढे खूश झालात. मी तेव्हा काही बोललो नाही. पोरांनी एकमेकांना पसंत केलेलं, तुमचं घराणं ब्राह्मणातून ख्रिस्ती झालेलं, आम्ही महारवाड्यातले, आणि तुम्ही कसलीही खळखळ न करता पेढा भरवलात. त्या वेळी कोण जुनं काढेल. आणि खरं सांगायचं तर मला तुमच्यापुढं दारापाशी बसलेला माणूस व्हायचं नव्हतं. मला तुमचा व्याही व्हायचं होतं.

पण एकच चटई नव्हती. पुढं चटया होत्या, तिथं तुम्ही, शाळामास्तर, कुणब्यांची तीन घरं. मग मोकळी जागा. मग दारापाशी सारवलेल्या जमिनीवर आम्ही. प्रभुभोजनाचा प्याला पुढून निघायचा आणि आमच्यापाशी संपायचा. आमच्याकडून पुढं परत कधी गेला नाही. मी आठ वर्षांचा होतो. तुम्ही सहा वर्षांचे, पहिल्या चटईवर, पाठमोरे. तुमच्या सदऱ्याची कॉलर मला आठवते.

"विरोधात कोण?" असं पाळकबाईंनी विचारलं आणि माझा हात वर गेला. डॉटीनं मोजले. एका हातानं ठराव पडला.

गाडीत प्रवीण पुढं, आपण मागं. तुम्ही खिडकीची काच मफलरनं पुसलीत. मग म्हणालात, "खाच तुम्ही दाखवलीत, मिस्त्री."

"दाखवली."

"मग?"

"आधी आपल्या घरची खाच लिहा. मग त्यांची."

आणि मी सगळं बोललो. प्रवीणनं गाडी बाजूला घेतली. तुम्ही एवढंच म्हणालात, "माझ्या वडिलांच्या देवळात? शक्य नाही."

"मी खोटं बोलतोय?"

"तुम्ही लहान होतात."

"तुम्ही माझ्याहून लहान होता. आणि तुम्हाला मागं वळून बघायचं कारण नव्हतं."

त्यानंतरचे महिने मी आता मोजतो तेव्हा मला माझाच राग येतो. एका टेबलावर जेवायचो आणि सुनीतामार्फत मीठ मागायचो. चहा तुम्ही तुमचा करायचे, मी माझा. हीटिंगच्या बटणाला दोघांनीही हात लावणं सोडलं. देवळात तुम्ही डावीकडं, मी उजवीकडं. पाळकबाईंनी दोनदा विचारलं, एव्हरीथिंग ओके? मी म्हणालो, ओके.

मेमध्ये तुम्ही माझ्या दारात आलात, हातात मंडळीच्या नियमांची पुस्तिका. "पडलेला ठराव दोन वर्षांच्या आत पुन्हा आणायचा असेल तर तो मांडणारा आणू शकत नाही. ज्यानं विरोधात हात वर केला होता त्यानंच आणायचा. म्हणजे तुम्ही."

मी रंध्याला धार लावत होतो. म्हणालो, "मग वडिलांचं कबूल करा. उद्याच आणतो."

"जे मला आठवत नाही ते मी कबूल कसं करू?"

"मग राहू दे."

तुम्ही पुस्तिका माझ्या टेबलावर ठेवून गेलात. तुमचंही खरं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. इतिहासाचा मास्तर, पुराव्याशिवाय वाक्य लिहीत नव्हता. आणि तुमचे वडील वाईट माणूस नव्हते. गावात पटकी आली तेव्हा माझ्या आजीला त्यांनी स्वतःच्या हातानं पाणी पाजलं, स्वतः खांदा दिला. तेही मी बघितलंय. ते मी गाडीत सांगितलं नाही. भांडणात अर्धंच सांगितलं, माझ्या बाजूचं. हे मी तुम्हाला सांगायला हवं होतं, आणि आता कागदाला सांगतोय.

तुम्ही जाण्याआधी पाच दिवस. तुम्ही खाली आलात, माझ्यासमोर कोरा कागद आणि पेन्सिल ठेवलीत. म्हणालात, "मी नगरच्या बहिणीला फोन केला होता. तिला काही आठवत नाही. गावात आता कुणी उरलं नाही. तेव्हा तुम्हीच राहिलात, मिस्त्री. देऊळ काढून दाखवा. दार कुठं, चटया कुठं, तुमचे वडील कुठं बसायचे."

भांडण नव्हतं हो त्या आवाजात. तुम्ही पुरावा मागत होता. माझ्याकडं मागत होता, माझी रेघ पुरावा म्हणून घ्यायला तयार होता. मला ते त्याच क्षणी कळलं आणि तरीही माझ्या तोंडून गेलं, "नऊ महिने लागले का विचारायला? आता तुम्हीच आठवा."

तुम्ही कागद तसाच ठेवून गेलात. पेन्सिल मात्र उचललीत, ती तुमची होती.

मंगळवारी सकाळी तुम्ही मागच्या अंगणात पानं गोळा करत होता. मी स्वयंपाकघरात चहा ठेवला होता, एक कप, माझा. खिडकीतून बघितलं तर पानांचा ढीग होता आणि तुम्ही दिसेनात. चहा उतू गेला. अँब्युलन्सवाल्यांनी खूप प्रयत्न केले. माझं इंग्रजी त्या वेळी सगळंच गेलं. त्यांनी विचारलं, तुम्ही यांचे कोण? व्याही हे इंग्रजीत कसं सांगायचं ते मला आलं नाही. मी म्हणालो, ब्रदर.

तुम्ही ऐकलं असतंत तर दुरुस्त केलं असतंत.

शुक्रवारी माती दिली. आपण मराठी गीत म्हटलं, सुनीताचा आवाज फुटला, तर डॉटी आणि ती म्हातारी मंडळी नुसत्या सुरानं गुणगुणत राहिली. ज्यांनी ठरावाला हात वर केले होते तेही आले, ज्यांनी केले नव्हते तेही. जानेवारीत पुन्हा सभा आहे. ठराव पास होईल की पडेल, मला माहीत नाही. दोन माणसं तेव्हापासून माझ्याकडं बघून जरा जास्तच हसतात. मी त्यांच्या बाजूचा आहे असं त्यांना वाटतं.

माती दिली त्याच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी, मी स्वयंपाकघराच्या टेबलावर कागद घेऊन बसलो. सुनीता उठून खाली आली तेव्हा दार, खिडक्या आणि पुढच्या चटया काढून झाल्या होत्या. तिनं विचारलं काय करताय. मी सांगितलं, सगळं. तिच्या बाबांचं आणि तिच्या आजोबांचंही. आणि म्हणालो, ठराव मी परत आणतो आहे, पण त्यात आपल्या देवळाचंही लिहायचं. तुला खाली इंग्रजीत लिहून द्यावं लागेल.

ती म्हणाली, "आजच, पप्पा? कालच तर आपण... बाबांना आता उत्तरही देता येणार नाही."

"नाही येणार."

"मग हे बरोबर आहे का?"

मी दारापासची ओळ काढली. तिनं बोट ठेवलं, "इथं कोण?"

"माझे वडील. शेजारी मी."

"आणि बाबा?"

मी पहिल्या चटईच्या टोकाला एक टिंब केलं. तिनं कागद स्वतःकडं फिरवला. मग म्हणाली, "त्यांना हे दाखवलं होतंत?"

"त्यांनी मागितलं होतं. मी दिलं नाही."

तिनं तोंडावर पदर घ्यावा तसा खुर्चीवरचा ओव्हरकोट घेतला आणि रडली. चार दिवसांत पहिल्यांदाच आवाज करून. मी उठून तिच्यापाशी गेलो नाही, मला ते जमत नाही. मी बसून राहिलो. नंतर तिनं डोळे पुसले, पेन घेतलं आणि मी सांगेन तसं खाली इंग्रजीत लिहिलं. आमच्याही देवळात लोकांना दारापाशी बसवत. मी तिथं बसलो आहे. त्याच पाळकांनी माझ्या आजीला पाणी पाजलं. मी थांबलो. पाळकाचं नाव मी सांगितलं नव्हतं, सांगणारही नव्हतो. तिनं मला न विचारता शेवटी एक ओळ आणखी लिहिली आणि वाचून दाखवली: ते पाळक माझे आजोबा होते.

मी कागद घडी न घालता नेला, चालत. शनिवारी डॉटी रविवारची पत्रकं करायला ऑफिसात येते. तिनं कागद दोनदा वाचला. चष्मा काढला. म्हणाली, ठराव पुन्हा आणायला हरकत नाही, पण सभेत त्याच्या बाजूनं बोलायला कुणीतरी लागतं. कोण बोलणार?

त्या सभेत मी आजवर तोंड उघडलेलं नाही. तुम्हीच बोलायचे.

"आय," मी म्हणालो. "थोडं इंग्लिश. बाकी मराठी. सून सांगेल."

तिनं माझं नाव लिहून घेतलं. परत निघणार तर तिच्यापुढं पत्रकांचा ढीग दिसला, छापलेली, घडी घालायची राहिलेली. वरून दुसऱ्या ओळीत, आठवण म्हणून, तुमचं नाव होतं. मी टोपी काढून खुर्ची ओढली, आणि आम्ही दोघांनी बसून सगळ्यांच्या घड्या घातल्या.